त्याने भरून ठेवलेलं डिझेल

डिझेलचा हीटर आणि आमचे हे, दोघांचा स्वभाव एकच. काय बिघडलंय ते आधी सांगायचं नाही. एक दिवस भसकन धूर काढायचा आणि गप्प होऊन बसायचं. हीटरबरोबर निदान माहितीपुस्तक तरी आलं होतं.

आम्ही दोघं कॅरव्हानमध्ये राहतो. मोटारीच्या मागे जोडून ओढायची, चाकांवरची एक खोली. हे तिला डबा म्हणतात, म्हणून मीही डबाच म्हणते. हौसेने घेतला होता, हिंडायला. हिवाळ्यात मैदानं रिकामी मिळतात म्हणून थंडीतच निघायचो, आणि म्हणूनच हा हीटर. आता हिंडणं राहिलं. तलावाकाठच्या या मैदानात डबा लावला त्याला वर्ष उलटून गेलं. घर आहे, पण बंद आहे. घरात मुलाची खोली आहे आणि मुलगा नाही. कामावरून परत येताना ट्रकने उडवलं त्याला. भेटायला येणाऱ्यांची रीघ संपली तेव्हा हे म्हणाले, "चार दिवस डब्यात जाऊन राहू या." ते चार दिवस अजून चालू आहेत.

कोणी विचारलं कशा आहात, तर बरी आहे म्हणते. ते खोटं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो? असतो आपलाच, पण चावला तरी कळत नाही. तशी मी बरी आहे. जेवते, झोपते, भांडी घासते, ह्यांच्यावर ओरडते. ओरडायला आतून काही वाटावं लागत नाही, सवय पुरते.

तर अशात सुनेचा फोन आला.

"आई, शनिवारी भिंगरीला घेऊन येते. एक रात्र राहू," ती म्हणाली. भिंगरी म्हणजे आमची नात. एका जागी ठरत नाही म्हणून तिच्या बापानेच ठेवलेलं नाव. मी म्हटलं ये की, विचारायचं काय त्यात. ती म्हणाली, "स्पष्ट बोलते, राग मानू नका. शाळेच्या सुट्ट्यांत मला रजा मिळत नाही. हिला कुठेतरी ठेवायला लागणार. माझ्या आईकडे ठेवता येईल, पण ही तुमचंच नाव घेते. तिची छाती कशी आहे तुम्हाला माहीत आहे. धूर, ओल, गारठा, काही सोसत नाही. एक रात्र राहून बघते. सोसलं तर सुट्ट्यांत तुमच्याकडे पाठवत जाईन. नाहीतर मग आईकडेच."

"राग कसला त्यात?" मी म्हटलं. आणि खरंच आला नाही. पोरगी वाईट नाही. नवरा गेल्यावर नोकरी, घर, दमेकरी लेक, सगळं एकटीच्या खांद्यावर घेऊन उभी आहे, आणि आम्ही दोघं म्हातारे इथे तलावाकडे बघत बसलोय. फोन ठेवल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट बघितली. डोक्यात आलं ते एवढंच, की हीटर पेटवणाऱ्या ग्लो प्लगची जाळी बदलायला हवी.

हे पायरीवर बसून कात्र्या पुसत होते. ह्यांचं सलून होतं. मुलगा गेल्यावर शटर खाली ओढलं ते पुन्हा वर केलं नाही, पण कात्र्या मात्र रोज पुसतात. कोणाचे केस कापणार आहेत देव जाणे.

"भिंगरी येतेय शनिवारी. इथलं मानवलं तर सुट्ट्यांत येईल म्हणे," मी सांगितलं.

पुसता पुसता हात थांबला. "गरम हवं हं डब्यात," म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

मी आयुष्यभर लाँड्री चालवली, त्यामुळे यंत्राला बिचकत नाही. हीटर तसा साधा जीव आहे. बाकाखाली बसवलाय. एक छोटा पंप टाकीतून थेंब थेंब डिझेल ढकलतो, ग्लो प्लग तापून ते पेटवतो, पंखा गरम हवा खोलीत सोडतो आणि जळलेला धूर नळीने तळातून बाहेर जातो. त्याला दोन गोष्टी मुळीच खपत नाहीत. एक, चालू असताना खटकन वीज तोडणं. बंद केला की पंखा जरा वेळ फिरून स्वतःला गार करतो, तेवढी सवड द्यावी लागते. दुसरी, सारखा मंद ठेवणं. मंद आचेवर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, आणि काजळी वाढत गेली की एक दिवस पेटायचाच थांबतो. म्हणून अधूनमधून त्याला फुल्ल सोडायचा असतो. हे सगळं मला ठाऊक आहे, पण आम्ही दोघंच असलो की तो मंदच असतो. मोठा करायचं कोणाला सुचत नाही. गारठा लागतोय हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो बाकाखालून काढला आणि वर्तमानपत्र पसरून खोलला. आत ही काजळी! लाँड्रीत ड्रायरच्या जाळीत अडकलेला कापूस मी रोज काढायचे, कारण एक दिवस चुकला की आग लागायची भीती. काम तेच, फक्त पांढऱ्याऐवजी काळं. चमच्याच्या दांड्याने खरवडली, ब्रशने झाडली, जाळी नवी घातली. सांधा हवाबंद करणारं गॅस्केटही नवं, कारण एकदा खोलल्यावर जुनं नीट बसत नाही. धुराच्या नळीचे सांधे पेस्ट लावून आवळले. विषारी वायूचा अलार्म असतो पलंगापाशी, त्याचं बटण दाबून बघितलं. तो असा किंचाळला की हे पलंगावर ताडकन उठून बसले.

"जिवंत आहात तर," मी म्हटलं.

"काय झालं?"

"काही नाही. तपासत होते."

"त्याला की मला?" हे म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले. वर्षभरात केलेला हा पहिला विनोद असेल. मी हसले नाही, पण लक्षात ठेवला.

मग हीटर फुल्ल सोडला. आधी नळीतून थोडा काळा धूर आला, मग हवा स्वच्छ झाली. पंपाची टिकटिक एका लयीत. शनिवारपर्यंत मी तो असाच तापता ठेवायचं ठरवलं, गाद्यांतली, कपाटातली ओल जावी म्हणून. मैदानातली वीज हिवाळ्यात बंद असते. दिवे आणि पंखा बॅटरीवर, पण ऊब म्हणाल तर सगळी या हीटरच्या जिवावर. तो चालला तर पोरगी राहणार, नाहीतर नाही. इतकी सोपी गोष्ट होती.

राहिलं डिझेल. ते आत ठेवत नाही. डब्याच्या पुढच्या टोकाला बाहेरून उघडणारा कप्पा आहे, त्याला कुलूप. आत टाकी आणि शेजारी फळीवर कॅन. कॅन काठोकाठ भरलेले ठेवायचे, कारण जागा राहिली की हवेतल्या ओलीचं पाणी होऊन तळाशी बसतं. जुना कॅन पुढे, नवा मागे. टाकी भरायची ती पुढच्याने, म्हणजे शिळं उरत नाही. हा क्रम माझा. पण टाकी भरायचं काम ह्यांचं. हीटरमधलं एवढं एकच त्यांना येतं. किल्ली त्यांच्याकडे, जाळीचं नरसाळं त्यांच्याकडे, आणि थेंब न सांडता ओततात. वस्तरा धरलेला हात आहे शेवटी.

मागच्या कोपऱ्यात मात्र एक कॅन आहे, तो कधीच पुढे सरकत नाही. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तो मुलाने भरलाय. "आई, थंडीत निघाल तेव्हा पंपावर ताटकळत बसू नका," म्हणून त्या उन्हाळ्यात भरून आणून ठेवला, आणि थंडी पडायच्या आत गेला. एक तर उन्हाळ्यातलं डिझेल गारठ्यात मेणासारखं घट्ट होतं, त्यात आता हा दुसरा हिवाळा. केव्हाच काढून टाकायला हवं होतं. मला कळत होतं. मी बाकीचे कॅन पुढेमागे करायचे आणि त्याला वळसा घालायचे. हेही घालायचे. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तसं आम्ही कशाबद्दलच बोलत नाही.

शनिवारी दुपारी सुनेची गाडी फाटकातून आत आली. गाडी थांबायच्या आत भिंगरीचा पट्टा सुटलेला. धावत आली आणि माझ्या पोटावर आदळली. एका वर्षात केवढी वाढलीय! मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मऊ होतं. हे मला कळलं, की मऊ आहे; पण ते हातापर्यंतच राहिलं, आत काही गेलं नाही. मला त्याची लाज वाटली. म्हणजे, वाटायला हवी असं वाटलं.

आत आल्याबरोबर तिने स्वेटर भिरकावला. "आजी, भिंतीत टकटक कोण करतंय?"

"हीटर आहे तो. डिझेलचे थेंब मोजतोय."

"चुकला तर?"

"तर आजी ओरडते."

सून हसली. खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवून बघितलं तिने, गादीखाली हात घातला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तपासायलाच आली होती, तपासू दे की. "चांगलं कोरडं आहे, आई," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणायला हरकत नाही.

"अहो, टाकी बघा जरा. आठवडाभर फुल्ल चालवलाय, तळ गाठला असेल," मी ह्यांना म्हटलं. ते किल्ली घेऊन बाहेर गेले. बराच वेळ लागला त्यांना. आले तेव्हा हात स्वच्छ धुतलेले होते. "भरली," म्हणाले.

ऊन उतरायला लागलं तशी बाहेर थंडी चढली. मी टोमॅटोचं सूप गॅसवर ठेवलं, सून पाव कापत होती, भिंगरी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशीला कंगवा करत होती. आणि टिकटिक अडखळली. मी पळी तशीच धरून कान दिला. दोन ठोके, मग काही नाही, मग घाईघाईने तीन. पंख्याचा आवाज चढला, उतरला. बाकाखालून एक घरघर आली, पुन्हा एक, आणि हीटरचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

मी दार उघडून वाकून बघितलं. नळीतून पांढरा धूर येत होता, दाट, आंबूस वासाचा. वारा नेमका दाराकडे वाहत होता. तो सगळा उघड्या दारातून आत आला, आणि मागे भिंगरी खोकली. एकदाच. पण सुनेच्या हातातला पाव खाली पडला.

"आई, मी हिला गाडीत बसवते." स्वेटर, टोपी, ब्लँकेट, पोरगी, सगळं एका दमात उचललं तिने. गाडी दूर झाडाखाली नेऊन लावली, आतला हीटर चालू केला. मग एकटीच परत आली आणि पायरीशी उभी राहिली. "खोकत नाहीये आता. पण मी थांबत नाही, आई. अंधार पडायच्या आत निघते. चूक तुमची नाही. यंत्रच आहे ते."

"हीटर मी स्वतः साफ केलाय," मी म्हटलं. "त्यात काही खोट नाही. मला थोडी सवड दे. स्वयंपाक आटपेपर्यंत. नाही झालं तर जा, मी अवाक्षर काढणार नाही."

तिने गाडीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

मी आधी हीटरचा पंखा फिरून थांबू दिला. मग कप्पा उघडला, कुलूप नुसतं अडकवलेलंच होतं. डिझेलचा फिल्टर टाकीच्या खाली असतो, पारदर्शक, बोटाएवढा. कालपर्यंत तो फिकट पिवळा होता. आता आत तपकिरी, बुळबुळीत काहीतरी साचलं होतं. टाकीत टॉर्च मारली, तर तळाशी तसलाच गाळ साचलेला. मला बघायची गरज नव्हती, तरी मी फळीवर बघितलं. पुढचे कॅन जागच्या जागी, भरलेले. मागचा कोपरा रिकामा. निळ्या चिकटपट्टीचा कॅन खाली, चाकाशी, उलटा करून निथळत ठेवलेला. शेवटचा थेंबसुद्धा सोडला नव्हता ह्यांनी.

"अहो," मी हाक मारली. ते आले. "हे काय केलंत?"

ते कॅनकडे बघत राहिले.

"अक्कल गहाण टाकलीत काय? दोन हिवाळ्यांचं जुनं डिझेल! पुढे तीन कॅन ठेवलेत मी, डोळ्यांसमोर, हाताशी!"

"बंद होता की," ते म्हणाले. "झाकण घट्ट होतं. सलूनमध्ये तेलाच्या बाटल्या वर्षानुवर्षं…"

"तेल केसांना लावायचं असतं! हे जाळायचं असतं! पोरगी खोकली ना आत. ती आता जाईल आणि पुन्हा यायची नाही, कळतंय का तुम्हाला?"

मी ओरडत होते, आणि हे सवयीचं ओरडणं नव्हतं. पोटातून येत होतं. राग आला होता मला. खरं सांगते, बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी आलं होतं.

"त्याने भरून ठेवलं होतं ना," हे म्हणाले. इतक्या हळू, की मला गप्प व्हावं लागलं. "मला वाटलं, त्याची लेक आलीय. एक रात्र तरी… त्याने आणलेल्यावर ऊब मिळू दे तिला. बापाची."

सून आमच्या मागे येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिने उलटा कॅन बघितला, मुठीवरची निळी पट्टी बघितली. ती पट्टी तिच्याही घरात असेल, नळाला, चार्जरला, कुठे कुठे. माझा मुलगा दिसेल त्याला ती गुंडाळायचा. तिने माझ्या हातातली टॉर्च घेतली. "धरते मी," म्हणाली.

मग आम्ही तिघांनी टाकी रिकामी केली. मी हातमोजे घालून खालची नळी सोडवली, हे टब धरून उकिडवे बसले, सून उजेड दाखवत होती. डिझेल आलं ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट, मध्येच पाण्याचे फुगे, मध्येच मेणाचे गठ्ठे. आंबट वास. ह्यांनी मान वळवली नाही. टबात बघत राहिले, शेवटपर्यंत.

"इतकं खराब झालं," ते म्हणाले.

"हो."

"बंद असून."

"बंद असून," मी म्हटलं.

टाकी फडक्याने आतून पुसली. पुढच्या कॅनमधलं थोडं स्वच्छ डिझेल फिरवून तेही टबात ओतलं. फिल्टर नवा बसवला, नळीत नवं डिझेल खेचून घेतलं, बुडबुडे संपेपर्यंत. पुन्हा टाकीत ओतायची वेळ आली तेव्हा हे सवयीने नरसाळ्याकडे वळले आणि मध्येच थांबले. मीच ओतलं. चांगलं अर्धा पेलाभर जमिनीवर सांडलं.

पहिल्यांदा हीटर पेटला नाही. दुसऱ्यांदा घरघरला, पांढरा धूर आला, आम्ही दार घट्ट लावून बाहेर उभे. मग धूर पातळ झाला, निळसर झाला, दिसेनासा झाला. टिकटिक लयीत आली. मी फुल्ल सोडला. आत साचलेली घाण जाळायची तर दुसरा इलाज नव्हता. खिडक्या उघडून वास घालवला, बंद केल्या, आणि सून भिंगरीला घेऊन आत आली. निघते म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

डब्यात असं गरम झालं की विचारू नका. भिंगरी बनियनवर सूप प्यायली, पावाचा तुकडा हातात धरून झोपून गेली. श्वास स्वच्छ होता. आम्ही दोघी त्या श्वासाकडे कान लावून बसलो होतो. हे दाराशी, टोकाला, पाहुण्यासारखे.

"आई," सून म्हणाली, "हीटर तुम्हाला चांगला कळतो. तुम्ही असल्यावर मला काळजी नाही. मी पाठवेन हिला. पण एक अट आहे. टाकीला बाबांनी हात लावायचा नाही. तुम्हीच भरायची. ते त्यांनी मुद्दाम केलं नाही हे मला कळतं, पण पोरीच्या छातीशी खेळ नको."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर पोरीला केव्हाच घेऊन गेले असते. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. मला जे हवं होतं ते समोर ठेवलं होतं तिने, फक्त मान हलवायची होती. तेवढ्यात ह्यांनी खिशातून जुडगा काढला, नखाने कडी उलगडून कप्प्याची किल्ली सुटी केली आणि टेबलावर ठेवली. माझ्याकडे न बघता. त्यांना कडी उलगडायला वेळ लागला. वस्तऱ्याचा हात तो.

"नाही," मी म्हटलं. "टाकी हेच भरतील."

सुनेने माझ्याकडे बघितलं. "आई, आज काय झालं ते…"

"बघितलं मी. सगळं बघितलं. तो कॅन मी वर्षभर तिथे ठेवला होता, पोरी. त्यातलं डिझेल कामातून गेलंय हे मला माहीत होतं, म्हणून मी ते ओतलं नाही. माहीत नसतं ना, तर मीच ओतलं असतं. ह्यांच्याही आधी. आणि ह्यांनी जे म्हटलं तेच म्हटलं असतं. मी शेजारी उभी राहीन. कॅन उघडून वास घेईन, उजेडात धरून बघेन, तुला फोनवर सांगेन. पण ओततील हे. मुलगा गेला, सलून गेलं, या डब्यात त्यांना एवढं एकच काम आहे. ते मी काढून घेणार नाही. त्याच्यापायी पोरगी येणार नसेल, तर…"

हे म्हणाले, "अगं, कशाला? राहू दे ना. भर की तूच." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." ते गप्प बसले. सून किल्लीकडे बघत होती. "सकाळी बघू, आई," एवढंच म्हणाली, आणि लेकीच्या शेजारी आडवी झाली. किल्ली टेबलावर तशीच.

सकाळी हीटर चालूच होता, टाकी उतरली होती. सून चहाचा कप घेऊन बाहेर उभी राहिली. "बाबा, टाकी भरायचीय ना?" म्हणाली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पुढचा कॅन काढला. झाकण उघडून स्वतः वास घेतला, मग मला दिला. मी घेतला. मग ह्यांनी न सांगता तो सुनेपुढे धरला. तिनेही नाक लावलं. काचेच्या बरणीत थोडं काढून उन्हात धरलं. स्वच्छ, पिवळं. नरसाळं पुसलं, जाळी बसवली, आणि ओतायला लागले. धार सुतासारखी. एक थेंब बाहेर नाही. आम्ही दोघी बाया शेजारी उभ्या, जणू काही शस्त्रक्रियाच चालली होती. सुनेने गाडीकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. माझ्या तोंडाने मीच घालवलं.

मी आत जाऊन अंथरुणं आवरली, भिंगरीची वेणी घातली. खिडकीतून दिसत होतं, सून ह्यांच्याशी बराच वेळ बोलत होती आणि हे शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होते. कानउघाडणी चालली असणार. करू दे. तिचा हक्क आहे.

निघताना तिने टबातलं ते काळं डिझेल परत निळ्या पट्टीच्या कॅनमध्ये ओतून घेतलं, झाकण आवळलं आणि आपल्या गाडीच्या डिकीत तो उभा करून ठेवला. "वाटेतले गॅरेजवाले जुनं तेल घेतात, त्यांना देते. कॅन मात्र परत आणते," म्हणाली. हे डिकीशी उभे राहिले. त्यांनी कॅनवर हात ठेवला, काढला, आणि डिकी स्वतःच्या हाताने बंद केली.

भिंगरी गाडीत बसली. सून पर्स विसरल्यासारखं करून पुन्हा आत आली. पर्स खांद्यालाच होती. त्यातून तिने लेकीचा इनहेलर काढला आणि माझ्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

"जास्तीचा आहे, आई. इथे एक असू दे," ती म्हणाली. "कसा द्यायचा ते बाबांना शिकवलंय मी. दोनदा करून दाखवायला लावलं. नीट जमतंय त्यांना."

तिने माझ्या दंडाला हात लावला आणि गेली.

गाडी फाटकाबाहेर पडली. मी ड्रॉवर लावायला गेले आणि तिथेच, ओट्याला धरून, रडायला लागले. मोठ्याने, तोंड वाकडं करून, लहान पोरं रडतात तसं. हे धावत आत आले.

"काय झालं? काय होतंय?"

"रडतेय," मी म्हटलं. "रडू द्या जरा."

ते बाकावर बसले, मला शेजारी ओढून घेतलं. मग तेही रडले.